बेस गिटार खालच्या सुरात लावताना तारा कोणत्या घ्याव्यात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आहे त्याच तारा सैल करून वाजवलं तर काय बिघडतं?

अर्धा स्वर उतरवलात तर काहीच बिघडत नाही. एक पूर्ण स्वर उतरवलात तरी बऱ्याच जणांना चालतं. त्याच्या खाली गेलात की तार हाताखाली लोळू लागते. जोरात छेडली की फ्रेटवर, म्हणजे वाद्याच्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर, आपटते, आणि प्रत्येक स्वर आधी चढा लागून मग जागेवर येतो. बँडमध्ये हा चढा सूर गिटारवाल्याशी भांडतो आणि दोष कोणाचा ते कोणालाच कळत नाही.

याचं गणित सरळ आहे. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे एक अर्धस्वर उतरवला की ताण साधारण ११ टक्क्यांनी घटतो. ३४ इंची बेसवर, म्हणजे तारेची वाजणारी लांबी ३४ इंच असते त्या बेसवर, १०५ जाडीची ई तार (ई-ए-डी-जी या चार तारांतली सर्वांत जाड) सुमारे १८ किलोच्या ताणाने ओढलेली असते. तीच तार डी वर आणली तर साडेचौदा किलो उरतात, सी वर साडेअकरा आणि बी वर जेमतेम दहा. म्हणजे ई वरून बी वर येईपर्यंत जवळजवळ निम्मा ताण गेलेला असतो. इतक्या सैल तारेतून धड आवाज काढायचा तर हात फार हलका लागतो, आणि खालच्या ट्यूनिंगचं संगीत सहसा हलक्या हाताचं नसतं.

ही १०५, १३० वगैरे जाडी म्हणजे नेमकं काय?

इंचाचे हजारावे भाग. १०५ म्हणजे ०.१०५ इंच, सुमारे २.६७ मिलिमीटर. दुकानात ‘पंचेचाळीस–एकशे पाच’ म्हटलं की सर्वांत बारीक जी तार ४५ ची आणि सर्वांत जाड ई तार १०५ ची असा सेट मिळतो.

पण एक गोष्ट मनात पक्की असू द्या. विकत घेताना आपण जाडी घेतो, हाताला मात्र जाणवतो तो ताण. त्यामुळे ‘किती जाड तार घेऊ?’ या प्रश्नाच्या आधी ‘मला हाताखाली किती ताण आवडतो?’ हा प्रश्न येतो. सध्या ई ट्यूनिंगमध्ये तुमचा हात ज्या तारांवर खूश आहे, त्यांचा सेट कोणता ते आधी बघा. खालच्या ट्यूनिंगमध्ये तोच ताण परत मिळवायचा आहे, बाकी सगळं त्यानंतर.

हे आपल्याकडे नवीन नाही. गायकाचा तंबोरा काळी एकला लागतो आणि गायिकेचा पांढरी पाचच्या आसपास, तेव्हा दोन्हींना एकच तारा कोणी चढवत नाही. मिरजेत तंबोरा घ्यायला गेलात तर पहिला प्रश्न पट्टीचा असतो, कारण वाद्याचा आकार आणि तारांची जाडी त्यावर ठरते. बेसवाले नेमका हाच प्रश्न स्वतःला विचारायचा विसरतात.

मग तोच ताण हवा असेल तर जाडी किती वाढवायची?

ढोबळ नियम असा की प्रत्येक अर्धस्वराला जाडी सुमारे सहा टक्क्यांनी वाढवा. १०५ ची तार डी साठी ११८ च्या घरात जाते, सी साठी १३२ आणि बी साठी १४०. गुंडाळीच्या तारेत आत गाभा, वर थर आणि मध्ये थोडी पोकळी असल्याने कंपनीगणिक थोडा फरक पडतो, पण अंदाजाला हे पुरेसं आहे. काही कंपन्या तारेचं दर इंची वजन छापतात. तेवढा आकडा मिळाला तर ताण अगदी नेमका काढता येतो.

तरी हा नियम तंतोतंत पाळू नका असं माझं मत आहे. खूप जाड तार ताठ होते. ताठ तारेचे वरचे स्वरांश, म्हणजे मूळ सुरासोबत उमटणारे वरचे बारीक सूर, मूळ सुराशी नीट जुळत नाहीत, ते थोडे चढे लागतात. मग आवाज लोखंडी पट्टीवर टकटक केल्यासारखा बोथट येतो, सूर कोणता ते ओळखू येत नाही. म्हणून खाली जाताना थोडा ताण सोडून द्यावा. १८ किलोची सवय असेल तर १६ किलोवर समाधान मानावं. आवाज मोकळा राहतो आणि हात आठवड्याभरात जुळवून घेतो.

ड्रॉप डी साठी वेगळा सेट घ्यावा का?

बहुतेकदा नाही. फक्त ई तार डी वर येते, बाकी तीन जागच्या जागी राहतात. १०५ असेल तर तीच ठेवा. शंभराची असेल आणि सैल वाटत असेल तर तेवढी एक तार सुटी घ्या, ११० ची. ती डी वर साधारण १६ किलोचा ताण देते आणि वरच्या तारांशी तिचं नीट जमतं.

आपल्या ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्यांनी ड्रॉप डी चा विचार जरूर करावा. गायकाची पट्टी पांढरी दोन असली की सा येतो डी वर, आणि साध्या चार तारी बेसवर त्या डी च्या खालचा सप्तक ई लाच संपतो. खर्जातला सा मिळतच नाही, तो वरच घ्यावा लागतो. एक तार उतरवली की तो उघड्या तारेवर मिळतो. सरावलेल्या कानाला हा फरक पहिल्या आवर्तनात कळतो.

अर्धा स्वर किंवा एक पूर्ण स्वर, सगळ्याच तारा खाली घ्यायच्या असतील तर?

ई फ्लॅटसाठी नेहमीपेक्षा एक पायरी जाड सेट पुरे. ४५–१०० वापरत असाल तर ५०–१०५ घ्या. डी स्टँडर्डसाठी, म्हणजे डी-जी-सी-एफ, ५५–११० हे माप छान बसतं. डॅडारिओ आणि अर्नी बॉल दोघांच्याही यादीत ते आहे. डीआर कंपनी तर खालच्या ट्यूनिंगसाठीच बनवलेल्या तारा ‘डीडीटी’ नावाने विकते. नाव कोणतंही असो, पाकिटावरचे चारही आकडे वाचून घ्या. फक्त जाड तार जाड आणि बाकी तीन नेहमीच्याच, असेही सेट असतात. ते ड्रॉप ट्यूनिंगला योग्य असतात, सगळ्या तारा उतरवायला नाहीत.

सी शार्प आणि सी?

इथे जरा थांबून विचार करावा लागतो, कारण चार तारी सेट इथे संपतात आणि पाच तारी सेट सुरू होतात.

सी स्टँडर्ड म्हणजे सी-एफ-ए शार्प-डी शार्प. यासाठी पाच तारी सेट घेऊन त्यातली सर्वांत बारीक जी तार बाजूला ठेवा, उरलेल्या चार चढवा. १३० ची बी तार एक अर्धस्वर चढवून सी वर आणली की तिचा ताण साडेसतरा किलोच्या आसपास जातो. ई, ए, डी या तारासुद्धा प्रत्येकी अर्धस्वर चढतात, म्हणजे नेहमीपेक्षा बारा टक्के घट्ट होतात. हलक्या हाताने वाजवणाऱ्याला हे जड जाईल. त्याने १२५ ची बी असलेला हलका पाच तारी सेट शोधावा.

सी शार्प अधलीमधली आहे. १३० ची तार इथे फार ताठ होते आणि १०५ ची सैल राहते. ११५ ते १२० ची सुटी तार घेऊन वर ५५–११० सेटमधल्या बारीक तीन तारा लावल्या तर चांगलं जमतं. ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडने १९७१ मध्ये गिटार आणि बेस तीन अर्धस्वर खाली, म्हणजे नेमके इथेच आणले होते. त्यांचा डावखुरा गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कारखान्यातल्या अपघातात गेली होती आणि सैल तारा त्याला दाबायला सोप्या जात. तिथे सैलपणा हवा म्हणून सूर उतरला. आज आपण सूर उतरवतो आणि सैलपणा टाळायला धडपडतो.

चार तारी बेसवर बी-ई-ए-डी लावता येतं का?

येतं, आणि पाच तारी बेस घेण्याआधी मी प्रत्येकाला हेच करून बघायला सांगतो. पाच तारी सेट घ्या, जी तार वगळा. तयार बी-ई-ए-डी सेटही मिळतात.

‘एवढ्या जाड तारांनी नेक वाकेल’ ही भीती मी सतत ऐकतो. हिशेब करून बघा. ई, ए, डी या तारा त्याच सुरात आहेत, फक्त एकेक घर सरकल्यात, त्यांचा ताण तोच राहिला. गेली ती ४५ ची जी तार, जिचा ताण १९ किलोंहून जास्त होता. आली ती १३० ची बी तार, जिचा ताण साडेपंधरा किलो आहे. म्हणजे नेकवरचा एकूण ओढा साडेतीन किलोंनी कमीच झाला. नेक पुढे वाकण्याऐवजी मागे जाते आणि पहिल्या काही फ्रेटवर खरखर सुरू होते. तेव्हा ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक सावरणारी सळई) घट्ट करायचा नसतो, सैल करायचा असतो. उलट समजुतीने तो आवळून बसलेले वादक मी पाहिले आहेत.

बी साठी १३० की १३५? ३४ इंची बेसवर मी १३५ सुचवेन. ताण १६ किलोंच्या वर जातो आणि तार अजून बोलकी असते. १४५ ने १९ किलोंच्या जवळ जाता येतं, पण बऱ्याच बेसवर ती बोथट वाजते.

आणि ए, किंवा त्याच्याही खाली?

ए साठी मात्र १४५ घ्या. तिथे ती १५ किलोंच्या जवळपास बसते, १३५ ची तार तेरावर येते. जी शार्पपर्यंत १४५ कशीबशी निभावते. एफ शार्पला, म्हणजे सेकंदाला २३ कंपनांवर, १७० आणि त्यापुढच्या तारा लागतात. त्या कॅलियमसारख्या मोजक्या कंपन्या करतात आणि बहुतेक बेसच्या खुंटीत त्या शिरतही नाहीत.

तिथवर जाण्याआधी एकदा तपासून बघा, तुम्हाला खरंच इतकं खाली जायचं आहे का? सात तारी गिटारची खालची बी ६२ कंपनांची असते. आठ तारी गिटारची एफ शार्प ४६ ची, म्हणजे तुमच्या साध्या ई तारेच्याही वर. ती तुम्ही ई तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर वाजवू शकता, अगदी त्याच सुरात. आठ तारी गिटारसोबत प्रत्येक वेळी सप्तकभर खाली उतरलंच पाहिजे असं नाही. एकाच सुरात, कडक पिकने वाजवलेला बेस पुष्कळदा जास्त वजनदार लागतो.

बेसची लांबी किती महत्त्वाची?

खूप. त्याच तारेचा, त्याच सुराचा ताण लांबीच्या वर्गाने वाढतो. ३५ इंची बेसवर तो ३४ इंचीपेक्षा सहा टक्के जास्त असतो. ३० इंची छोट्या बेसवर बावीस टक्के कमी. डिंगवॉलसारख्या तिरक्या फ्रेटच्या बेसवर बी तार ३७ इंचांची असते, तिथे अठरा टक्के जास्त ताण मिळतो आणि तोही तार जाड न करता. म्हणूनच त्या बी चा आवाज पियानोसारखा स्वच्छ येतो.

३० इंची बेसवर डी च्या खाली जाऊ नये असं मला वाटतं. जायचंच असेल तर जाडी आणखी बारा-तेरा टक्के वाढवावी लागते, आणि आखूड लांबीवर जाड तार अधिकच ताठ वागते.

सेट घेताना पाकिटावरची लांबीसुद्धा बघा. ३५ इंची बेसला किंवा अंगातून तार ओवायच्या बेसला लांब तार लागते. नाहीतर जाड भाग खुंटीपर्यंत पोचतच नाही.

निकेल, स्टील की फ्लॅटवाउंड?

खालच्या सुरांसाठी स्टेनलेस स्टील राउंडवाउंड, म्हणजे गोल तारेच्या गुंडाळीची. तिच्यात वरचे स्वरांश भरपूर असतात आणि खाली गेल्यावर सूर ओळखू येतो तो त्यांच्याच जोरावर. बोटांना आणि फ्रेटला ती खरखरीत वाटली तर निकेल चढवलेलं स्टील घ्या. फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या गुंडाळीच्या तारा, सी च्या खाली मला पटत नाहीत, ठोका ऐकू येतो पण स्वर हरवतो. रेगे किंवा जुन्या धाटणीच्या गाण्यांत तोच ठोका हवा असेल तर गोष्ट वेगळी.

टेपर तारा मात्र बघण्यासारख्या आहेत. ब्रिजवर टेकते तिथे या तारेची गुंडाळी कमी केलेली असते, त्यामुळे जाड असूनही ती सॅडलवर, म्हणजे ब्रिजवरच्या तिच्या टेकूवर, नीट वळते आणि वरच्या फ्रेटवर सूर कमी हुकतो. १३० च्या पुढे जात असाल तर आधी याच शोधा.

तारा बदलल्यावर सेटअप करावाच लागतो का?

हो. अर्धा स्वर उतरवलात तर कदाचित नाही, पण बी-ई-ए-डी ला नक्कीच.

पहिली गोष्ट नट, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाची तारांच्या खाचा असलेली पट्टी. १०५ साठी कोरलेल्या खाचेत १३० ची तार बसत नाही, ती वर तरंगते. पहिल्या फ्रेटवर दाबली की सूर चढतो, खुंटी फिरवताना तार अडकते आणि एकदम ‘टक’ करून सुटते. चारही खाचा रुंद कराव्या लागतात, कारण चारही तारा बदलल्या आहेत. जी च्या ४५ च्या खाचेत आता ६५ ची डी बसायची आहे. योग्य मापाची कानस नसेल तर हे काम जाणकाराकडे द्या. खाच रुंद करायची असते, खोल नाही. खोल गेली की उघडी तार पहिल्या फ्रेटवर वाजते. त्याहून चांगलं म्हणजे जुना नट काढून जपून ठेवा आणि नवा कोरून घ्या. परत फिरायची वाट मोकळी राहते.

दुसरी गोष्ट नेकचा बाक. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर फट बघा. व्हिजिटिंग कार्ड अलगद सरकेल एवढी फट ठीक. ट्रस रॉड एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मग थोडा वेळ जाऊ द्या आणि पुन्हा मोजा.

तिसरी गोष्ट सॅडल. जाड, सैल तारेचं सॅडल मागे न्यावं लागतं. बी तारेचं पार शेवटपर्यंत जातं आणि तरी बाराव्या फ्रेटचा सूर चढाच येतो असंही होतं. तेव्हा स्क्रूवरची स्प्रिंग काढून किंवा कापून थोडी जागा मिळते. बी तार आणखी किंचित उंच ठेवा, कारण ती जास्त रुंद हलते. त्याच कारणाने तिच्याखालचा पिकअप थोडा उतरवा.

तार कापताना काय जपायचं?

आधी वाकवा, मग कापा. खुंटीच्या पुढे पाच-सहा सेंटिमीटर सोडून काटकोनात पक्की घडी घाला आणि घडीच्या पलीकडे कापा. घडी न घालता कापली तर गुंडाळी गाभ्यावर सैल होते आणि तार त्या दिवसापासून मुकी वाजते. गोल गाभ्याच्या तारांना याचा धोका जास्त. माझी पहिली १३५ ची तार अशीच गेली. पाकिटातून काढली, लांबी मोजली, कापली आणि लावल्यावर ती दोन सेकंदही टिकून वाजेना. तेव्हा मी बेसमध्येच खोट आहे असं समजून महिनाभर पिकअप बदलायच्या गोष्टी करत होतो.

ट्यूनर खालची बी पकडतच नाही. तार खराब आहे का?

बहुधा नाही. ३१ कंपनांच्या सुरावर छोटे क्लिपचे ट्यूनर चाचपडतात. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून वरच्या सप्तकाचा सूर काढा आणि त्यावर लावा. केबलने जोडायचा ट्यूनर असेल तर उत्तमच. आणि लावताना तार जितक्या जोराने स्टेजवर छेडता तितक्याच जोराने छेडा. हलक्या हाताने लावलेली सैल तार जोरात वाजवली की चढी लागते.

घरी छान वाजतं, पण रेकॉर्डिंगमध्ये बेस ऐकूच येत नाही.

तारांवर राग काढण्याआधी स्पीकर बघा. छोट्या स्पीकरमधून आणि फोनमधून ३१ कंपनांचा मूळ सूर बाहेरच पडत नाही. कान तो सूर वरच्या स्वरांशांवरून ताडतो. तारा जुन्या आणि मळलेल्या असल्या की ते स्वरांशच नसतात, मग ताडायला काही उरत नाही. खालच्या ट्यूनिंगला ताज्या तारा लागतात त्या एवढ्यासाठी. इक्वलायझरवर तळ वाढवत बसण्यापेक्षा मधला भाग थोडा उचला आणि अगदी तळाचा गाळ कापा.

वाजवायची जागाही बदलून पाहा. ब्रिजकडे सरकलं की तार ताठ लागते, कमी हलते आणि स्वर स्पष्ट येतो. हलक्या पिकनेही पुष्कळ फरक पडतो.

पावसाळ्यात तारा फार लवकर मरतात. जाड तारांना जास्त त्रास होतो का?

मुंबईत आणि कोकणात जून ते सप्टेंबर हा त्रास सगळ्याच तारांना आहे. पण जाड तारेच्या गुंडाळीत घाम आणि मळ साठायला जागा जास्त, आणि तिचा आवाज गेला की सूरच हरवतो, म्हणून ते जास्त जाणवतं. वाजवून झालं की सुती फडक्याने प्रत्येक तार वरून आणि खालूनही पुसा. आवरण असलेल्या तारा महाग पडतात, पण या चार महिन्यांत त्यांचे पैसे वसूल होतात. लाकूडही दमट हवेत हलतं, तेव्हा सेटअप शक्यतो पाऊस स्थिरावल्यावर करा. मे महिन्यात केलेला सेटअप जुलैत पुन्हा बघावा लागतो.

परत साध्या ई ट्यूनिंगला यायचं ठरवलं तर?

जुना नट जपला असेल तर तो बसवा, सॅडल पुढे घ्या, ट्रस रॉड तपासा, झालं. खाचा कोरून रुंद केल्या असतील तर बारीक तार त्यात डावी-उजवी सरकते आणि झणझणते. हाडाची पूड आणि सुपर ग्लूने खाच भरून पुन्हा कोरता येते, तात्पुरतं काम चालतं, पण नवा नट घेणंच बरं. काढलेल्या तारा गुंडाळून त्यांच्याच पाकिटात ठेवा आणि पाकिटावर तारीख, ट्यूनिंग आणि सॅडल किती मागे होतं ते लिहून ठेवा. पुढच्या वेळी सूर उतरवाल तेव्हा सुरुवात तिथूनच होईल.